संघपालचं माप

गांधीबागेच्या कापड बाजारात रोज सकाळी शटरांबरोबर एखादा तरी वाद वर येतोच. थान चाळीस मीटरचं म्हणून आलं आणि भरलं साडेएकोणचाळीस. देणारा म्हणतो पूर्ण आहे, घेणारा म्हणतो कमी आहे, दोघांचे आवाज चढतात, चहावाला किटली घेऊन थांबतो. मग कोणीतरी म्हणतं, चला बाप्पा, संघपालकडं घेऊन चला. संघपाल रामटेके थान उलगडतो, लोखंडी मीटरपट्टीवर कापड सरसर सरकवतो, आकडा सांगतो, आणि दोघंही मुकाट्यानं मान डोलावतात. दुसऱ्यांदा कोणी मोजत नाही. बाजारात कशाचीही खात्री द्यायची असेल, मग ती मुलीच्या स्थळाची का असेना, तर लोक म्हणतात, "संघपालचं माप हाय, डोळे मिटून घे."

एकतीस वर्षं हा माणूस एकाच दुकानात माप टाकतो आहे. वय त्रेपन्न, अंगानं काटकुळा, मिशी बारीक, आणि शर्टाच्या खिशात कायम मांजरपाटाचा एक तुकडा, घाम पुसायला. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या बाया लुगडं घेताना हटकून त्याच्याशी भांडतात. नऊ वार मागितलं तर हा सव्वाआठ मीटरच काहून देऊन राहिला, म्हणून. संघपाल न चिडता समजावतो की मावशी, वार वेगळा, मीटर वेगळा, वार बोटभर लहान नाही तर चांगला चार बोटं लहान असतो. हे त्यानं एकतीस वर्षांत किती हजार वेळा सांगितलं असेल, देव जाणे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

पण माप हे संघपालचं पोट. त्याचा जीव होता क्रिकेटमध्ये. 'कापड बाजार इलेवन' नावाची त्यांची टीम, म्हणजे गठ्ठे बांधणारे, बिलं फाडणारे, गोदामातले हमाल आणि एकदोन शेठजींची पोरं. संघपाल त्या टीमचा ऑफस्पिनर, सत्तावीस वर्षांपासून. त्याची प्रॅक्टिस म्हणजे एक तमाशाच असायचा. पिचवर मांजरपाटाचा तो तुकडा अंथरायचा आणि सहापैकी पाच बॉल त्याच्यावर पाडून दाखवायचे. सहावा तो मुद्दाम बाहेर टाकायचा, नाहीतर पोट्टे म्हणतील काका माणूस नव्हे, मशीन आहे.

यंदा मात्र गडबड झाली. दरवर्षी ज्या मैदानावर प्रॅक्टिस व्हायची तिथं सणाचे मंडप उभे राहिले, आणि टीमला मागच्या बाजूच्या एका मोकळ्या प्लॉटवर जावं लागलं. नवी पिच आखायची तर संघपालशिवाय कोणाला बोलावणार? एका संध्याकाळी दुकान आटोपून तो मीटरपट्टी काखोटीला मारून आला. त्या दिवशी सणाची गर्दी होती, त्यानं पन्नासेक थानं मोजली होती. पोट्ट्यांनी गोल करून टाळ्यांवर आकडे म्हटले, यानं पट्टीमागं पट्टी टाकली, चुना पडला, स्टंप ठोकले गेले. आणि दुसऱ्या दिवसापासून संघपालचे बॉल आखूड पडायला लागले.

थोडेथोडके नाहीत, चांगले दोन पावलं आखूड. मांजरपाटाचा तुकडा तसाच कोरा राहायचा आणि बॉल अलीकडंच टप्पा घेऊन बॅटवर आरामात यायचा, की मार बाबा मला. खरं म्हणजे सुरुवातीला सगळ्यांचेच बॉल आखूड पडले. पण जवान पोट्टे ते, दंडात दम, आठवडाभरात त्यांनी जोर लावून कसर भरून काढली. आयुष नावाचा त्यांचा फास्ट बोलर तर म्हणाला की माझा तर स्पीड वाढला. संघपालची कसर भरून निघेना. तो रोज जास्त जोर लावी, रोज खांदा जास्त दुखे, आणि बॉल तिथंच पडे. हळूहळू मैदानावर कुजबुज सुरू झाली की काकाचा हात गेला. वय झालं आता.

घरी प्रेमिला, त्याची बायको, खांद्याला तेल चोळताना तोंडाचा पट्टा सोडायची. मुलगी लग्नाला आली, गुडघे कुरकुरतात, आणि या माणसाला अजून बॉल फेकायचा आहे. सावलीत बसून स्कोअर लिहा म्हणायची, चहा तरी आयता मिळेल. स्कोअर लिहिणं वाईट नाही हो, पण सत्तावीस वर्षं ज्याच्या हातात बॉल होता त्याच्या हातात पेन्सिल दिली की त्याला कसं वाटतं, हे पेन्सिल देणाऱ्याला कळत नाही.

आणि ती पेन्सिल आलीच. कॅप्टन रोशन हा शेजारच्या दुकानातला सव्वीस वर्षांचा पोरगा, टीमचा विकेटकीपर. त्याला लहानपणी गल्लीत बॉल धरायला शिकवलं ते संघपालनंच. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी तो दुकानासमोर आला, पाच मिनिटं उगाच गठ्ठ्यांवरचे शिक्के वाचत उभा राहिला, आणि मग खाली बघत बोलला. काका, पहिली मॅच तुम्ही खेळा. जमलं तर पूर्ण सीझन. नाही जमलं तर स्कोअरबुक तुमच्याकडं. संघपालनं बरं म्हटलं. रोशनचे डोळे भरलेले त्याला दिसले होते, त्यामुळं भांडायचीही सोय नव्हती.

कापड बाजाराची पहिली मॅच दसऱ्यानंतरच्या रविवारी, हा नेम. दसऱ्याचे तीन दिवस संघपाल आणि प्रेमिला दरवर्षीप्रमाणं दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पाणी वाटायला उभे होते. आजोबांनी छप्पन साली तिथंच दीक्षा घेतली, तेव्हापासून घरातलं कोणी ना कोणी पाण्याच्या टाकीवर असतंच. यंदा लाखो लोकांच्या ओंजळीत पाणी ओतताना संघपालचा उजवा हात मधूनच आपोआप फिरे, मनगट वळे, आणि पाणी एखाद्याच्या बाहीवर पडे. प्रेमिला डोळे वटारायची. हा पुन्हा पाणी वाटायला लागायचा आणि पुन्हा मनातल्या मनात बॉल टाकायचा.

रविवारी सकाळी आभाळ भरून आलेलं. परतीचा पाऊस यंदा परत जायचं नावच घेत नव्हता. पण मैदानावर पोहोचेपर्यंत सगळ्यांच्या अंगात असा उत्साह संचारला होता की कोणी वर बघितलंच नाही. मैदान वर्धा रोडकडच्या एका कॉलेजचं, पक्कं आखलेलं. अंपायर महादेवराव, म्हणजे शाळेत तीस वर्षं पोरांना शिट्टीवर नाचवून रिटायर झालेले सर. आणि समोर काटोलची टीम. संत्र्याच्या मंडीतले आडते, सकाळच्या एसटीनं आलेले, सोबत हिरवट संत्र्यांची दोन क्रेट. त्यांचा कॅप्टन विक्रम म्हणजे दंडाचे नुसते भोपळे. हात मिळवताना त्यानं संघपालला विचारलं की काका, तुम्ही अंपायर का? पोट्टे हसले. संघपालही हसला, पण ते त्याला लागलं.

टॉस जिंकून कापड बाजारानं बॅटिंग घेतली आणि पहिल्याच ओव्हरपासून काहीतरी बिनसलं. बॉल जरा लवकरच येत होता. बॅट खाली येईस्तोवर दांडी उडालेली. कोणी म्हणे पिच फास्ट आहे, कोणी म्हणे काटोलवाले संत्री खाऊन बोलिंग करून राहिले. रोशननं दात ओठ खात पंचेचाळीस काढले म्हणून वीस ओव्हरमध्ये आठ बाद एकशेएकवीस तरी झाले. सीझनची पहिली मॅच आहे, हात बसायचे आहेत, असं एकमेकांना समजावत सगळे फिल्डिंगला उतरले.

मग तर कहरच झाला. आयुषचा पहिला बॉल टप्पा न घेता सरळ विक्रमच्या कमरेवर, दुसरा त्याच्या गुडघ्यावर. फुलटॉसवर फुलटॉस. विक्रमला आयतंच मिळालं, तो सोडतो का? बॉल कंपाउंडच्या भिंतीवर, बॉल नाल्यात, बॉल चहाच्या टपरीवर. पाच ओव्हरमध्ये पंचेचाळीस, एकही विकेट नाही. रोशननं बॉल संघपालकडं फेकला.

संघपालनं खिशातल्या मांजरपाटानं बॉल पुसला, चार पावलं चालला आणि खांद्याची पर्वा न करता, महिनाभरात लावला नव्हता एवढा जोर लावून टाकला. फुलटॉस. सिक्स. पुढचा जरा कमी जोरानं टाकायला गेला, हात अडखळला, पुन्हा फुलटॉस, पुन्हा सिक्स. महिनाभर आखूड पडणारा बॉल आज खाली पडायलाच तयार नव्हता. त्याला काही समजेना. एका ओव्हरमध्ये एकोणीस रन गेले. काटोलचे चौसष्ट झाले, जिंकायला एकशेबावीस हवे होते, आणि त्यांची एकही विकेट पडली नव्हती. ओव्हर संपवून तो टोपी घ्यायला गेला तेव्हा महादेवरावांनी ती नुसती हातात न देता वरची धूळ झटकून दिली.

रोशन जवळ आला. ग्लोव्ह्जच्या आतून त्यानं संघपालचा दुखरा खांदाच नेमका दाबला.

"काका, राहू द्या आता. पुढच्या संडेपासून स्कोअरबुक."

आणि धो धो पाऊस आला. वरच्यानं जणू एवढ्याचीच वाट पाहिली होती. दोन्ही टीम पत्र्याच्या शेडकडं पळाल्या. फक्त संघपाल आणि आयुष ताडपत्री आणायला धावले, कारण कव्हर म्हणून कापड बाजाराच्या गोदामातली ताडपत्री आणलेली होती. प्रॅक्टिसच्या पिचवरही तीच टाकायचे. ती एकवीस मीटरची, संघपालनंच कापून शिवून घेतलेली. दोघांनी ती धडाधड उलगडली, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, आणि आयुष डोक्यावर हात घेऊन शेडकडं पळाला. संघपाल मात्र तिथंच थबकला.

ताडपत्री स्टंपांच्या पलीकडं गेली होती. या बाजूला हातभर, त्या बाजूलाही हातभर.

तिकडं प्लॉटवर ती हातभर कमी पडायची. दोन्हीकडचे स्टंप उघडे राहायचे, रोज त्यांच्यावर बारदान टाकावं लागायचं. ताडपत्री तीच. मग ही पिच लहान! संघपालचं रक्त सळसळलं. तो भर पावसात किट बॅगकडं धावला, प्लॉट आखल्यापासून तिच्यात पडून असलेली मीटरपट्टी उपसली, ताडपत्रीच्या कडेनं गुडघ्यावर रांगत माप टाकत गेला. पाऊस पाठीवर सपासप मारत होता. वीस मीटर आणि वर अर्धी वीत. पुन्हा मोजलं. वीस मीटर आणि अर्धी वीत. बावीस पाहिजे ना? दोन मीटर चोरले की हो यांनी! म्हणून फुलटॉस पडून राहिले सगळ्यांचे! म्हणजे हात गेलेला नाही, आपल्या हाताला काहीसुद्धा झालेलं नाही! आनंदानं त्याला ओरडावंसं वाटलं. चिखलानं भरलेल्या पँटनिशी तो शेडकडं सुटला आणि दारातच महादेवरावांचं कोपर धरलं.

"सर, तुमची पिच..."

महादेवराव चष्मा पुसत होते. काय झालं माझ्या पिचला, त्यांनी शांतपणे विचारलं. बावीस यार्ड टेपनं मोजून घेतो मी दरवर्षी.

यार्ड. म्हणजे वार.

संघपालनं धरलेलं कोपर सोडलं. बावीस वार. नऊ वाराचे सव्वाआठ मीटर, तर बावीस वाराचे किती? हा हिशोब त्याला बोटांवर करायचीही गरज नव्हती. वीस मीटर बारा सेंटिमीटर. वीस मीटर आणि अर्धी वीत. इथली पिच बरोबर होती. चुकली होती ती प्लॉटवरची, जी त्यानं स्वतः टाकली होती, दिवसभराच्या सवयीनं, मीटरपट्टी बावीस वेळा ठेवून. एक मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर जास्त. आणि महिनाभर कोणालाही ती मोजून बघावीशी वाटली नाही, कारण काय, तर संघपालचं माप!

काही नाही सर, तो म्हणाला, तुम्ही चहा घ्या.

मग तो शेडच्या टोकाला एका उपड्या क्रेटवर जाऊन बसला. समोर पावसाची सर, मागं पोट्ट्यांची पोहे-तर्रीवर झुंबड. कोणीतरी त्याच्या हातात प्लेट दिली, तर्रीचा लाल तवंग, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरलेली. बाजारातल्या खेडूत बायांना वार आणि मीटर शिकवणारा हाच ना तो? हे बाहेर कळलं तर उद्या सकाळी गांधीबागेत काय होईल हे त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. थान उलगडलं की कोपऱ्यातून आवाज येणार, काका, वार का मीटर? एकतीस वर्षांची अब्रू टपरीवरच्या चहासोबत फुंकून पिणार लोक. आणि नाही सांगितलं तर? तर कोणाला कळणार नाही. माप तसंच राहील, फक्त बॉल जाईल. शिवाय आता पिचबद्दल काही बोललं तरी लोक म्हणणारच की नाचता येईना, अंगण वाकडं.

तेवढ्यात त्याचं लक्ष आयुषकडं गेलं. तो पोरगा भिंतीकडं तोंड करून उभा होता आणि पुन्हा पुन्हा नुसता हात फिरवून बघत होता, अगदी तसाच, जसा महिनाभर संघपाल घरी आरशासमोर फिरवत होता. एकवीस वर्षांचं पोरगं, आणि त्याच्याही मनात तेच भूत शिरलं होतं की माझ्या हाताला काय झालं. संघपालनं पोह्यांची प्लेट खाली ठेवली. स्वतःचं काय व्हायचं ते होवो, पण या पोराच्या डोक्यात असलं भूत आपण बसवायचं? छे.

तो उठून सगळ्यांच्या मधोमध आला आणि रोशनला हाक मारली. आवाज त्यानं मुद्दाम मोठा ठेवला, एकदाच सांगायचं होतं.

"रोशन, प्लॉटवरची पिच मी टाकली ना गा? ते मी बावीस मीटर टाकली. वार नाही. मीटर."

काटोलवाल्यांनीही संत्री सोलायची थांबवली. आयुषनं हळूच विचारलं की म्हणजे दोन मीटर लांब का? संघपालनं मान खाली घातली, पण माप ते माप. एक मीटर अठ्ठ्याऐंशी, तो म्हणाला.

मग जो हशा पिकला तो विचारू नका. काटोलवाले तर पोट धरून बाकावरून खाली आले. कापड बाजारातले पोट्टेही हसले, वाकून वाकून हसले. संघपाल तसाच उभा राहिला, कान लाल, मिशीवरून पाणी गळतंय. एकटा रोशन हसत नव्हता. तो काहीतरी जुळवत होता. महिनाभर आखूड पडणारा बॉल, दोन पावलं आखूड, रोज तेवढाच, ना बोटभर इकडं ना बोटभर तिकडं.

"म्हणजे काका," तो म्हणाला, "महिनाभर तुमचा बॉल बरोबर जागीच पडून राहिला होता?"

संघपालनं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. हात बिचारा पहिल्या दिवसापासून सांगत होता, यानंच पट्टीचं ऐकलं. रोशननं तोंड फिरवलं, पावसाचं निमित्त करून डोळे पुसले, आणि मग वळून अशी काही सूत्रं हातात घेतली की शेडमध्ये वीज खेळली. सगळे बोलर इकडं या. महिनाभरात लावलेला जास्तीचा जोर विसरा. मागच्या वर्षी जुन्या मैदानावर टाकत होता तसा टाका. आयुष भिंतीजवळून उडी मारूनच आला. संघपालकडं रोशननं स्कोअरबुकचं नाव काढलं नाही, आणि संघपालनंही विचारलं नाही.

तासाभरानं पाऊस रिपरिपीवर आला. महादेवरावांनी पिचवर अंगठा दाबून पाहिला, ताडपत्रीखाली माती कोरडी होती. ओव्हर कापायच्या नाहीत, जिथं थांबलो तिथून पुढं, असं ठरलं. चौदा ओव्हर आणि अठ्ठावन्न रन, दहाच्या दहा विकेट शिल्लक. काटोलवाले म्हणाले अर्ध्या तासात आटपून चारची एसटी धरू.

आयुषचा पहिलाच बॉल टप्पा घेऊन आत आला आणि मधली दांडी घेऊन गेला. पोरगं मैदानभर पळत सुटलं, त्याला पकडून आणावं लागलं. तिथून मॅचचा रंगच पालटला. बॉल जागेवर पडायला लागले, काटोलचे बॅटर अदबीनं खेळायला लागले. आऊटफिल्डमध्ये पाणी साचलेलं, बॉल तिथं गेला की रुतून बसायचा, चौकार बंद. फिल्डर घसरत होते, चिखलात लोळत होते, उठून पुन्हा पळत होते. संघपालनं दोन ओव्हर टाकल्या, सात रन दिले आणि दोन घेतले. प्रत्येक बॉलआधी मांजरपाटानं पुसणं, चार पावलं, आणि हात त्याच्या मनाप्रमाणं. मांजरपाटाचा तुकडा चिखलानं तपकिरी झाला तेव्हा प्रेमिलानं दिलेला डब्याचा फडका वापरायला काढला. चारची एसटी केव्हाच गेली. एका टोकाला विकेट पडत होत्या आणि दुसऱ्या टोकाला विक्रम खांबासारखा उभा होता.

शेवटची ओव्हर. नऊ रन पाहिजेत. रिपरिप पुन्हा सुरू, बॉल साबणासारखा. रोशननं इकडं तिकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ येऊन बॉल संघपालच्या तळहातावर ठेवला.

पहिल्या बॉलवर एक रन, विक्रम समोर आला. दुसऱ्यावर त्यानं दोन पळून काढले. तिसरा बॉल हातातून सटकला, ओला तो, सरळ फुलटॉस, आणि विक्रमनं तो असा भिरकावला की एवढ्या चिखलातूनही चौकार गेला. आता तीन बॉलमध्ये दोन. काटोलचे लोक शेडमधून पावसात येऊन नाचायला लागले. पण गंमत अशी, की संघपालला भीती वाटत नव्हती, मजा येऊन राहिली होती. सत्तावीस वर्षांत इतकी मजा आली नव्हती. चौथा बॉल बॅटची कड चुकवून गेला. पाचवा पॅडवर. कापड बाजार सगळा ओरडला, महादेवरावांनी नकारार्थी मान हलवली. एक बॉल, दोन रन.

संघपालनं बॉल पुसला. फडका ओला, शर्ट ओला, शेवटी बनियनच्या आतल्या कोरड्या जागी घासला. विक्रम बॅट आपटत होता, पुढं येणार हे त्याच्या पायांवरून दिसत होतं. त्याला पुन्हा तोच फुलटॉस पाहिजे होता. चार पावलं. संघपालनं जोर लावला नाही. जुनाच हात, जुनाच झोका, बॉल वर गेला आणि विक्रम मोठमोठ्या ढांगा टाकत पुढं सुटला. पण बॉल त्याच्या बॅटपर्यंत आलाच नाही. अलीकडंच पडला, मांजरपाटाचा तुकडा अंथरला असता तर बरोबर त्याच्या मधोमध पडला असता, आणि वळून मागं गेला. विक्रमची बॅट हवेत फिरली. रोशनच्या ओल्या ग्लोव्ह्जमधून बॉल एकदा सुटला, पण विक्रम इतका बाहेर गेला होता की रोशननं दुसऱ्यांदा बॉल धरला, बेल्स उडवल्या, तरी तो गडी अजून वळतच होता. महादेवरावांचं बोट वर गेलं. एका रननं जिंकले.

मग संघपाल कोणाकोणाच्या खांद्यावर होता आणि किती वेळा चिखलात पडला, हे त्यालाही सांगता येणार नाही. आयुष त्याच्या मिशीचा मुका घेऊन गेला. विक्रमनं स्वतः एक संत्रं सोलून त्याच्या हातात दिलं आणि सकाळच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. गलका जरा ओसरला तसे पोट्टे क्रीजभोवती जमले. चिखलात विक्रमच्या मागच्या पायाचा ठसा अजून तसाच होता, क्रीजपासून चांगलाच लांब. रोशननं हसत विचारलं की काका, किती बाहेर होता हा?

संघपालनं तोंडातली संत्र्याची फोड संपवली, ठशाकडं पाहिलं, क्रीजकडं पाहिलं.

"एक मीटर अठ्ठ्याऐंशी."

आयुष खो खो हसत मीटरपट्टी आणायला बॅगकडं पळाला. रोशननं त्याला मागूनच हाक मारली.

"ठेव बे ते. संघपालचं माप हाय."